मोटारसायकल उभी करा, पाय चालते करा

गेल्या वर्षी तीर्थपुरीतील एक किराणा दुकानदार माझ्याकडे आले. वय पंचेचाळीस. थकवा, तळपायांची आग आणि रात्री लघवीला तीन-चारदा उठणे, या तक्रारी. जेवणानंतरची साखर निघाली २६८. "डॉक्टरसाहेब, मी गोड खात नाही. मग साखर आली कुठून?" त्यांनी विचारले.

मी त्यांचा दिनक्रम विचारला. घरापासून दुकान जेमतेम आठ मिनिटांची वाट, तीही मोटारसायकलवर. दुकानात गादीवर बैठक, माल काढायला पोरगा. रात्री जेवण झाले की टीव्ही. पायांना काम असे उरलेच नव्हते. हे विचारताना मीच वरमलो, कारण घर ते दवाखाना मीही स्कूटरवरच जात होतो!

वाचकहो, आमच्या लहानपणी विहिरीचे पाणी शेंदावे लागे, शाळा पायी, शेत पायी. नळ, मिक्सर, गाडी आली, कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण कष्टाबरोबर हालचालही गेली. ताटातली भाकरी आणि चहातली साखर मात्र तेवढीच राहिली.

चालताना मांड्या व पोटऱ्यांचे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास साखर कमी चढते. हृदयाचेही तसेच. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. त्यांचा व्यायाम नोकरीतच होत होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली आहे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालणे म्हणजे मध्यम श्रम. ही मिनिटे दिवसभरात थोडी थोडी विभागली तरी चालतात. त्यासाठी एवढे करा :

१) एक किलोमीटरच्या आतले काम पायी करा.
२) दोन्ही जेवणांनंतर थोडे चाला.
३) अर्ध्या तासाने जागेवरून उठा. फोनवर उभ्याने बोला.
४) उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच चाला.
५) घरातील स्त्रियांनाही चालायला सोबत घ्या. घरकाम भरपूर असले तरी बहुतेक वेळ एकाच जागी जातो.

ऊसतोड करणाऱ्यांना आणि दिवसभर रानात राबणाऱ्यांना मात्र हा सल्ला नाही. त्यांना विश्रांती आणि पुरेसा आहार हवा.

चालताना छातीत दुखले, दम लागला तर थांबा व डॉक्टरांना दाखवा. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी खिशात थोडी साखर ठेवावी.

आमचे दुकानदार गोळ्या नियमित घेतात आणि आता दुकानात पायी जातात. तीन महिन्यांनी त्यांची साखर १६२ वर आली. चालणे सुरू केले म्हणून गोळी मनाने बंद करू नका, हे त्यांनाही बजावले आहे.

माझी स्कूटरही आता बहुधा अंगणातच असते. रस्त्यात भेटलो तर दोन पावले सोबत चाला.