ढिल्या क्लचचा घरगुती इलाज

सुलतानपूरकडे ज्यांच्या वावरात जुना एच.एम.टी. अजून राबतो, त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत. त्याचा पिंजोरचा कारखाना २०१६ साली बंद पडला, तेव्हा डागडुजी आपल्यालाच पाहावी लागते.

क्लचचे पायडल ढिले झाले की आपण लगेच खालची सळई आवळतो. चूक तिथेच होते. आधी पिन काढून बघा. ती एका अंगाने झिजलेली अन् भोक लांबट झालेले दिसेल. लांबट भोकात नवी पिनही खडखडणारच. भोक गोल करून लेथवाल्याकडून पितळी बुश बसवून घ्या, ग्रीस लावा, कॉटर पिन नवी घाला. खिळा ठोकून भागवू नका.

मग पायडलची मोकळी चाल पुन्हा लावा. आम्ही हेच विसरलो होतो. सळई आधीच आवळलेली, त्यात बुश बसल्यावर चाल उरलीच नाही. रिलीज बेअरिंग सतत दाबाखाली राहिले आणि क्लच प्लेट जळाली. बुशाचे वाचवलेले पैसे प्लेटीत गेले!

हाताचा ॲक्सिलरेटर घसरत असेल तर चामड्याचा वॉशर कापून घाला, चालतो.

ब्रेकचे तसे नाही. दोन्ही पायडले जोडणारी खिटी झिजली तर दोरी बांधून उसाची ट्रॉली रस्त्यावर काढू नये. एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर आडवा फिरतो. तिथे खिटी नवीच घ्यावी.