थरथरणारा हात, अडखळणारा विचार

नावड्याला आमच्या घरी माझे काका असतात. त्यांना छिन्नमनस्कता हा आजार आहे. औषधांनी कानांत येणारे आवाज थांबले. पण हात थरथरू लागले, पावले आखूड पडू लागली, चेहरा निर्विकार झाला. बाजारातून तीन जिनसा आणायला सांगाव्यात, तर ते एकच आणीत. आजी म्हणे, "गोळ्यांनीच त्याचं डोकं बधिर केलंय. बंद करा त्या." गोळ्या बंद झाल्या आणि दोन महिन्यांत आवाज परतले. तेव्हापासून हा विषय माझ्या अभ्यासाचा झाला.

या इतिहासात मुंबईलाही स्थान आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे वेडावर पूर्वापार दिली जाई. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्यापासून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले व पुढे ते मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझीनचा वापर सुरू झाला. दोहोंनी रुग्ण शांत झाले. दोहोंनी अनेकांना कंपवातासारखी लक्षणेही जडली. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांच्या संशोधनाने यावर प्रकाश पडला. रेसर्पिन मेंदूतील डोपामीनचा साठा रिता करते, तर क्लोरप्रोमॅझीन त्याचे कार्य अडवते. भास-भ्रमांशी ज्याचा संबंध आहे, तेच डोपामीन हालचालही सुरळीत ठेवते. आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांत डोपामीन घडवणारे एल-डोपा असते. पण ती मनाने देऊ नये, भास वाढण्याचा धोका असतो.

हालचालींचे दोष अनेक प्रकारचे आहेत: मान एकाएकी वाकडी होणे, एका जागी बसवेनासे होणे, थरथर, आणि दीर्घकाळाने ओठ व जीभ आपोआप हलणे. हा शेवटचा दोष औषध थांबवूनही राहू शकतो. म्हणून तो वेळीच डॉक्टरांना दाखवावा.

मग विसरण्याचे काय? लक्ष न टिकणे, कामाची जुळणी न जमणे हे दोष जर्मन वैद्य क्रेपेलिन यांनी ही औषधे येण्यापूर्वीच नोंदवले होते. अर्थात मूळ आजारातच आहे. मात्र थरथरीवर दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी स्मरणशक्ती आणखी मंदावू शकते.

हे सारे आम्ही डॉक्टरांपुढे मांडले. त्यांनी औषधांची मात्रा बदलली. थरथर कमी झाली. विसरणे पूर्ण गेले नाही. आता आजी काकांना जिनसांची चिठ्ठी लिहून देते. त्यांना आळशी मात्र कोणी म्हणत नाही.