वास नाकाला येतो, ओळखतो मेंदू

डी.एड.ला आपण पाठ केलं होतं: ज्ञानेंद्रियाला जाणवतं ते संवेदन, त्याला अर्थ मिळाला की अवबोध. पण हा अर्थ मिळतो कुठे?

मार्च-एप्रिलमध्ये आपल्या खांडबारा भागात मोहफुलं पडतात. पहाटे वेचायला जाणाऱ्या मुलाला तो वास लांबूनच कळतो. बाहेरून आलेल्याला नुसता काहीतरी गोडसर वास येतो. नाक दोघांचं सारखंच!

अमेरिकेत बर्कली विद्यापीठातील वॉल्टर फ्रीमन यांनी सशांच्या मेंदूत, जिथे वासाचे संदेश प्रथम पोहोचतात त्या भागावर, साठेक इलेक्ट्रोड बसवून विद्युत लहरी मोजल्या. 1991 साली त्यांनी मांडलं की वास एखादी पेशी ओळखत नाही. तो सगळा भाग मिळून लहरींचा एक आकृतिबंध तयार करतो. गंमत पुढेच आहे. त्या वासामागून मिळणारं बक्षीस बदललं, की आकृतिबंधही बदलला. वास मात्र तोच! म्हणजे सशासाठी त्या वासाचा जो अर्थ, त्याचा तो आकृतिबंध.

आता पहिलीचा वर्ग बघा. घरी मावची बोलणारं मूल आपली मराठी सूचना ऐकतं आणि गप्प बसतं. आपण लगेच म्हणतो, "लक्षच देत नाही." सशावरून थेट भाषेवर उडी मारता येत नाही, मान्य. पण इथेही कानाचं काम झालेलं असतं, अर्थ जुळायचा राहिलेला असतो. तोच शब्द मोठ्यानं म्हणून काय होणार?

मोहफुलं, मिरची, ओली माती यांच्या डब्या करा. डोळे मिटून वास ओळखू द्या. नाव आधी मावचीत, मग मराठीत. आणि पालकांनो, घरातली मावची बंद करू नका.