जाड अक्षराची पोकळी

पोरी, ब्रश खाली ठेवून मला बरीच वर्षं झाली, पण कोरी पाटी दिसली की हात अजून शिवशिवतो. आपल्या सोलापुरात एकाच पाटीवर मराठी, कन्नड, तेलुगू, कधी उर्दूही लागते. पूर्वी सगळं एकाच हाताने रंगायचं, म्हणून चारही लिप्या एका घरातल्या दिसायच्या. आता मराठी धष्टपुष्ट आणि शेजारची तेलुगू किडकिडीत, असं करू नकोस. पूर्व भागातल्या तेलुगू माणसाच्या ते मनाला लागतं.

त्यासाठी मुंबईच्या ‘एक टाईप’च्या मंडळींनी केलेला ‘बलू’ फॉन्ट घे. फुकट मिळतो. त्याच्या कन्नड अवताराचं नाव ‘तम्मा’, तेलुगूचं ‘तम्मुडु’, दोन्हींचा अर्थ धाकटा भाऊ, उर्दूचा ‘भाईजान’. जाडी, गोलाई सगळ्यांची जुळते. ‘बलू 2’मध्ये पाच जाड्या आहेत: दुकानाचं नाव सर्वांत जाड, फोन नंबर मधल्या जाडीत. कन्नड-तेलुगूची जोडाक्षरं ओळीखाली लोंबतात, तिथे जागा जास्त सोड. आणि 2022 पासूनचा नियम ध्यानात ठेव: पाटीवर मराठी आधी, देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही.

जाड अक्षर वाचलं जातं ते आतल्या पोकळीमुळे. ती बुजली की लांबून ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘ष’चा ‘प’. म्हणून जाड फॉन्टवर वरून बोल्डचं बटण दाबू नकोस. जागा उरली म्हणून अक्षर आडवं ताणू नकोस. उभे काने फुगतात, शिरोरेषा आहे तेवढीच राहते. किनार द्यायची तर बाहेरून दे. पत्ता, अटी असला बारीक मजकूर तर या जाड वळणात मुळीच नको.

उंचीचा आमचा हिशेब दहा फुटांना एक इंच. सात रस्ता चौकात शंभर फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर दहा इंच. मोजताना शिरोरेषेपासून कान्याच्या पायापर्यंतच मोज. मात्रा-वेलांटी त्यात धरायची नाही, त्यांची जागा वेगळी ठेवायची.

‘बलू’चं वळण गुबगुबीत, हसऱ्या तोंडाचं आहे. शेंगाचटणीचं पाकीट, गड्ड्याच्या जत्रेतला खेळण्यांचा स्टॉल, बारशाचा फलक, इथे ते शोभतं. मी एकदा घाईत असल्याच गुबगुबीत वळणात श्रद्धांजलीची पाटी रंगवली होती. घरची बाई पाटीकडे नुसती बघत राहिली, काही बोलली नाही. मी रात्री जाऊन ती पुसली आणि बारीक, ताठ अक्षरांत पुन्हा लिहिली. पैसे घेतले नाहीत. गिऱ्हाईक कशासाठी पाटी करतंय, हे आधी विचारत जा. फॉन्टची यादी नंतर उघड.

पहिला फ्लेक्स छापण्याआधी त्यातलं एक अक्षर खऱ्या मापात कागदावर काढून आण. मी रस्त्यापलीकडे उभा राहतो, तू दुकानाच्या दारात धर. संध्याकाळी ये, दिवे लागल्यावर.