सहलीतली दुपारची झोप

हृदय कमकुवत असलेले, संधिवाताचे किंवा मोठ्या आजारातून नुकतेच उठलेले रुग्ण विचारतात, "डॉक्टर, नातवंडांबरोबर इमॅजिकाला जाऊ का?" मी सहसा नाही म्हणत नाही. उतरणार कुठे, ते आधी विचारतो.

खोपोली-पाली रस्त्यावरचे हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. पुष्कळ मंडळी हवेसाठी लोणावळ्यात उतरतात. पण ज्याला रोज दुपारी दोन तास आडवे व्हावेच लागते, त्याने घाट चढून खोलीवर जायचे कधी? मग तो दिवसभर बाकावर बसून राहतो आणि संध्याकाळी पाय सुजतात, दम लागतो. अशा रुग्णाने उद्यानाला लागून असलेल्या हॉटेलातच उतरावे. भाडे जास्त वाटले तर मुक्कामाची एक रात्र कमी करा.

खोली घेण्यापूर्वी फोनवर विचारा : दुपारी बाहेर पडल्यास त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतात का? खोली लिफ्टजवळची मिळेल का? हॉटेलची खोली बहुधा दुपारी दोननंतर ताब्यात मिळते, हे लोक विसरतात. म्हणून आदल्या संध्याकाळीच पोहोचावे. नाहीतर नेमकी विश्रांतीची वेळ खालच्या खुर्चीत जाते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी खोलीत फ्रीज आहे ना, हे पाहावे. औषध उन्हातल्या गाडीत ठेवू नये. हृदयरुग्णांनी वेगवान पाळण्यांत बसू नये, हे सांगायला नकोच.

लघवीची गोळी प्रवासात अडचणीची म्हणून परस्पर बंद करणारे आजोबा मला दर उन्हाळ्यात भेटतात. तसे करू नका. गोळीची वेळ बदलायची असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा.