देहाचाही हक्क असतो

ज्ञानार्जन ही इबादत आहे. परंतु त्यासाठी देह झिजवून टाकण्याची मुभा इस्लामने दिलेली नाही. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दररोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजेत उभे राहत. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना रोखले व शरीराचा, डोळ्यांचा आणि पत्नीचाही त्यांच्यावर हक्क असल्याची जाणीव करून दिली. जिथे नफ्ल इबादतीलाही मर्यादा आहे, तिथे परीक्षेच्या जागरणाला ती नसेल काय?

चरितार्थ आणि शिक्षण यांचा मेळ ह. उमर (रजि.) यांनी घालून दाखविला. मदीनेच्या अवाली भागात राहत असताना ते व त्यांचे अन्सारी शेजारी आळीपाळीने प्रेषितांकडे जात; जो जाई, तो त्या दिवसाचे ज्ञान दुसऱ्यास सांगे. नोकरी करून शिकणाऱ्या मित्रांनी वर्गातील पाठ असेच वाटून घ्यावेत.

प्रेषित (सल्ल.) इशानंतरच्या गप्पा नापसंत करीत. म्हणून मोबाईल दूर ठेवून वेळेवर निजावे, फजरनंतर अभ्यास करावा, मशिदीला पायी जावे. रात्रपाळी असणाऱ्याने दुपारचा कैलूला सोडू नये. देह ही अल्लाहची अमानत आहे. पदवीसोबत तिचाही हिशेब द्यावयाचा आहे.