मळमळीच्या पोटात जहाज

प्रश्न : डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘नॉशिया’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मळमळ, हे कळतं. पण हा शब्द आला कुठून?

उत्तर : समुद्रावरून! ग्रीक भाषेत ‘नाउस’ म्हणजे जहाज आणि ‘नाउसिया’ म्हणजे जहाजावर होणारी मळमळ. लॅटिनमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. वाटेत जहाज गळालं, मळमळ तेवढी उरली. मला सर्वांत आनंद देणारी गोष्ट पुढेच आहे. ग्रीक ‘नाउस’ आणि संस्कृत ‘नौ’ ही सख्खी भावंडं, एकाच प्राचीन मूळ भाषेतली. म्हणजे आपली नाव, नौका, नौदल हे सगळे नॉशियाच्याच गणगोतातले! मराठीनं तर स्वतंत्रपणे तीच वाट धरली. बोटीत पोट ढवळलं की ‘बोट लागली’, घाटात ‘गाडी लागली’. असं का होतं? गाडीत वाचत बसलं, की कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग हालचाल कळवतो, डोळ्यांपुढचं पुस्तक मात्र स्थिर असतं. या विसंगतीनं मेंदू गोंधळतो.

इंग्रजी लिहिताना एक लक्षात ठेवा. जुने व्याकरणकार मळमळ आणणाऱ्या वस्तूला ‘नॉशियस’ आणि मळमळणाऱ्या माणसाला ‘नॉशिएटेड’ म्हणायला सांगत. आज शब्दकोश माणसासाठीही ‘नॉशियस’ मान्य करतात.